सॅक्स ब्रिज, गेटिसबर्ग: ‘झपाटलेला’ पूल नीट कसा बघावा

पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्गच्या नैऋत्येला मार्श क्रीक नावाच्या ओढ्यावर एक लाकडी, छपराचा पूल आहे. त्याचं नाव सॅक्स कव्हर्ड ब्रिज. अमेरिकेतल्या ‘झपाटलेल्या’ जागांच्या जवळजवळ प्रत्येक यादीत तो असतो. न्यू जर्सी, मेरीलँड, व्हर्जिनिया या भागांतली बरीच मराठी कुटुंबं भारतातून आलेल्या आई-बाबांना घेऊन गेटिसबर्गला जातात. दिवसभर अमेरिकेतल्या यादवी युद्धाचं रणांगण फिरतात आणि संध्याकाळी कोणीतरी म्हणतं, ‘तो भुताचा पूल इथेच आहे ना?’ मग अंधारात गाडी काढली जाते, वाट चुकते, दहा मिनिटं काळोखात उभं राहून चार धूसर फोटो काढले जातात आणि सगळे परत येतात. असं गेलात तर पूलही बघून होत नाही आणि भूतही.

हा पूल बघायला दीड-दोन तास लागतात, आणि ते उजेडापासून अंधारापर्यंत सलग हवेत. पुढची सगळी आखणी त्या हिशेबाने दिली आहे.

वेळ आधी ठरवा, मग तारीख

सूर्यास्ताच्या किमान एक तास आधी पुलावर पोहोचायचं. जूनच्या शेवटी तिथे सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो, ऑक्टोबरच्या शेवटी सहाच्या थोडं नंतर आणि डिसेंबरच्या मध्यावर पावणेपाचला. म्हणजे उन्हाळ्यात रणांगण संपवून, जेवून निवांत निघता येतं. थंडीत दुपारी साडेतीनलाच निघावं लागतं, आणि नेमकं इथेच सगळ्यांचं गणित चुकतं.

जुलैचा पहिला आठवडा टाळा. लढाई 1 ते 3 जुलै 1863 ला झाली, त्यामुळे वर्धापनदिनाच्या दिवसांत गाव गच्च भरलेलं असतं. हॅलोवीनच्या आसपासचे शनिवार-रविवारही नकोत. पुलावर वीस-पंचवीस माणसं टॉर्च नाचवत असतात, मग ना आवाज ऐकू येतात ना काही दिसतं. आमच्या मते ऑक्टोबरच्या मध्यातला एखादा मंगळवार किंवा बुधवार सगळ्यात चांगला: पानं रंगलेली, डास संपलेले, गर्दी नाही. दोन दिवस सलग जोरदार पाऊस झाला असेल तर मात्र जाऊ नका. मार्श क्रीक झपाट्याने फुगतो, आणि 1996 मध्ये त्याने या पुलाचं काय केलं ते पुढे येईलच.

पुलाशी असलेली पाटी पहिल्यांदा वाचा. थांबायची वेळ काय, काय चालतं, काय चालत नाही, हे तिच्यावर जे असेल तेच खरं. इंटरनेटवरचे जुने लेख ‘रात्रभर उघडा असतो’ असं सांगतात, त्यावर विसंबून राहू नका. रणांगणाचं राष्ट्रीय उद्यानही रात्री बंद होतं, म्हणून रात्री परतताना उद्यानातल्या रस्त्यांनी फिरत बसायचं नाही.

सोबत काय न्यायचं

माणशी एक टॉर्च. त्यातला निदान एक लाल उजेडाचा हवा. नसेल तर साध्या टॉर्चच्या तोंडावर लाल पारदर्शक कागद दोन पदर करून रबरबँडने बांधा. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाचा एक झोत ते सगळं पुसून टाकतो. लाल उजेडाने तसं होत नाही.

पूर्ण लांबीची, फिकट रंगाची पँट, पायमोजे आणि बंद बूट घाला. चपला, फ्लोटर नकोत. पँटची टोकं पायमोज्यांत खोचायची. दिसायला वेडगळ वाटेल, पण पेनसिल्व्हेनिया हे गोचीड चावल्याने होणाऱ्या लाइम रोगाच्या सर्वाधिक रुग्णांच्या राज्यांपैकी एक आहे. गोचिडीचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं, आणि फिकट कापडावर ते निदान दिसतं तरी. डीटचा (किडे दूर ठेवणाऱ्या औषधाचा) फवारा घोट्यांवर आणि मनगटांवर मारा.

बाकी पाणी, एक जाकीट (ओढ्याकाठी हवा गावापेक्षा थंड असते, जुलैतसुद्धा), बारीक टोकाचा चिमटा, आणि फोनमध्ये आधीच उतरवून ठेवलेला नकाशा. शौचालयाचं काम गावात किंवा रणांगणाच्या व्हिजिटर सेंटरमध्येच उरकून निघा, पुलाच्या भरवशावर राहू नका.

एक गोष्ट मुद्दाम घरी ठेवायची: उदबत्ती, कापूर, पणती, मेणबत्ती. मेलेल्यांसाठी दिवा लावावा असं मनात येणं आपल्याकडे साहजिक आहे, पण हा पूल म्हणजे पावणेदोनशे वर्षांचं वाळलेलं लाकूड आहे. आग ही अशा पुलांची मोठी शत्रू आहे. आयोवातला सीडर ब्रिज 2002 मध्ये कोणीतरी पेटवला, नव्याने बांधल्यावर 2017 मध्ये पुन्हा पेटवला. इंडियानातला ब्रिजटनचा पूल 2005 मध्ये असाच जळून गेला. सिगारेटसुद्धा नको. हात जोडले तरी पुरे.

पोहोचणं

बाल्टिमोरहून साधारण सव्वा तास, वॉशिंग्टनहून पावणेदोन, फिलाडेल्फियाहून अडीच, आणि एडिसनच्या बाजूने साडेतीन तास धरा. गावातून एमिट्सबर्ग रोडने दक्षिणेकडे निघायचं. पीच ऑर्चर्डच्या चौकात डावीकडे व्हीटफील्ड रोड जातो. आपण उजवीकडे, मिलर्सटाउन रोडला वळायचं. हा रस्ता वेस्ट कॉन्फेडरेट ॲव्हेन्यू ओलांडून पुढे पंपिंग स्टेशन रोड होतो. तिथून शेवटचा तुकडा वॉटरवर्क्स रोडपर्यंत नकाशावर बघत न्या, कारण वळणं छोटी आहेत आणि अंधारात हमखास चुकतात. उजेडात पोहोचायचं एक कारण हेही आहे.

पूल 1968 पासून गाड्यांना बंद आहे. नकाशा ‘पुलावरून सरळ जा’ म्हणाला तरी रस्ता तिथे संपतो. गाडी आखून दिलेल्या जागेतच लावा. आजूबाजूची शेतं आणि घरं लोकांची आहेत, त्यांच्या फाटकासमोर गाडी उभी केली की पोलिसांना फोन जातो आणि तो योग्यच असतो. परतताना वेग कमी ठेवा. तिन्हीसांजेनंतर या रस्त्यांवर हरणं अचानक समोर येतात, आणि एक ओलांडून गेलं की त्याच्यामागे दुसरं असतंच.

उजेडात: पूल वाचणं

इथे निदान अर्धा तास द्या. या पुलाबद्दलचं आमचं सगळ्यात ठाम मत हे की, ज्याने तो उजेडात पाहिला नाही त्याला रात्री काहीच कळत नाही.

आधी बाहेरून, काठावर उभं राहून बघा. लांबी सुमारे 100 फूट, रुंदी साधारण 15 फूट. डेव्हिड स्टोनर या कारागिराने तो 1854 च्या सुमारास बांधला, खर्च आला 1,544 डॉलर. छप्पर कशासाठी, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. माणसं भिजू नयेत म्हणून नाही, पुलाची लाकडी चौकट भिजू नये म्हणून. उघडा लाकडी पूल दहा-वीस वर्षांत सांध्यांपासून कुजायला लागतो. छप्पर आणि कडेच्या फळ्या असल्या की तो शंभराहून जास्त वर्षं टिकतो. कोकणात मातीच्या भिंतीवर पावसाळ्याआधी झड्या बांधतात, त्यातलंच हे शहाणपण.

आता आत जा, मध्यावर थांबा आणि भिंतीकडे बघा. तिरप्या फळ्या एकमेकींना छेदून जातात आणि त्यांची मोठाल्या शंकरपाळ्यांसारखी जाळी तयार होते. ही टाउन पद्धतीची जाळी. कनेक्टिकटचे वास्तुरचनाकार इथिएल टाउन यांनी 1820 मध्ये तिचं पेटंट घेतलं. तिच्या आधी पुलाला प्रचंड तुळया आणि तरबेज सुतार लागत. टाउनच्या जाळीला साध्या, आखूड फळ्या पुरत आणि गावातला सुतारही ती उभी करू शके. टाउन फुटामागे एक डॉलर स्वामित्वधन घेत, आणि न विचारता बांधलेला पूल सापडला तर दोन डॉलर.

जिथे दोन फळ्या छेदतात तिथे नीट बघा. खिळा नाही. लाकडाच्या जाड खुंट्या आरपार ठोकलेल्या आहेत. तळहात खुंटीवर ठेवा आणि कोणालातरी पुलावरून चालायला सांगा. पावलागणिक एक बारीकशी थरथर हाताला लागेल. भार एका खांबावर येत नाही, तो जाळीतून शेकडो सांध्यांत वाटला जातो, आणि प्रत्येक सांधा केसभर हलतो. हे लक्षात ठेवा, अंधारात याचा उपयोग होणार आहे.

मग वर बघा: छपराच्या कैच्या, वासे, त्यांच्यामधली पाखरांची घरटी. कुठली फळी पायाखाली करकरते, कुठल्या फटीतून वारा येतो, ओढ्याचा आवाज कुठल्या टोकाला मोठा आहे, हे सगळं मनात टिपून ठेवा. वहीत लिहिलंत तर आणखी चांगलं.

आज दिसणारा पूल पूर्वी होता त्याहून तीन फूट उंच आहे. 19 जून 1996 च्या पुराने तो दगडी आधारांवरून उचकटला. दुरुस्तीला सुमारे पाच लाख डॉलर लागले आणि 21 जुलै 1997 ला तो पुन्हा लोकांसाठी खुला झाला. पुन्हा तसं होऊ नये म्हणून तेव्हाच त्याची उंची वाढवली.

गोष्ट: खरी कुठली, सांगोवांगीची कुठली

दंतकथा अशी सांगतात: तीन कॉन्फेडरेट (म्हणजे दक्षिणेकडच्या फुटीर राज्यांचे) सैनिक फितुरीच्या किंवा पळून जाण्याच्या आरोपावरून पकडले गेले आणि पुलाच्या तुळयांना त्यांना फाशी दिलं. तेव्हापासून तिथे खांद्यावर कोणी टकटक करतं, चिरुटाचा वास येतो, तोफांचे आवाज येतात. या फाशीला त्या काळातला कागदोपत्री आधार नाही. ती गोष्ट म्हणूनच ऐका आणि मुलांना सांगतानाही तसंच सांगा.

खरं जे घडलं ते या गोष्टीहून जास्त अंगावर येतं. 1 जुलै 1863 ला युनियन (म्हणजे उत्तरेच्या) सैन्याच्या पहिल्या कोअरमधल्या, म्हणजे मोठ्या विभागातल्या, दोन ब्रिगेड याच पुलावरून गेटिसबर्गकडे गेल्या. त्याच रात्री तिसऱ्या कोअरची फौज पूल ओलांडून ब्लॅक हॉर्स टॅव्हर्न नावाच्या सराईच्या दिशेने निघाली. वाट चुकली होती. समोर शत्रूचे पहारे आहेत हे लक्षात आल्यावर हजारो माणसं काळोखात, आवाज न करता मागे वळली. हे त्या पुलावर उभं राहून डोळ्यांसमोर आणून बघा.

तीन दिवसांत दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे 51,000 सैनिक ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. 4 जुलैला धो धो पाऊस लागला आणि कॉन्फेडरेट सेनापती जनरल ली यांचं सैन्य माघारी फिरलं. त्यातला मोठा भाग याच पुलावरून गेला. चिखल, हरलेली थकलेली माणसं, आणि आसपासची घरंदारं जखमींनी भरलेली. ब्लॅक हॉर्स टॅव्हर्नचंच कॉन्फेडरेट रुग्णालय झालं होतं. या जागेला भीतीचा वास लागायला फाशीची गरजच नव्हती. 1938 मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महामार्ग खात्याने या पुलाला राज्यातला सर्वांत ऐतिहासिक छपराचा पूल ठरवलं, आणि 1980 मध्ये ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत त्याचं नाव आलं.

अंधार पडताना

सूर्य मावळला की पुलाच्या मध्यावर, कडेला उभे राहा. टॉर्च बंद, फोन खिशात. पंधरा मिनिटं कोणीही बोलायचं नाही. लहान मुलं असतील तर पाच. काय होईल ते क्रमाने सांगतो.

पहिल्यांदा टकटक सुरू होईल. दिवसभर तापलेलं छप्पर आणि फळ्या हवा गार झाली की आकसतात, आणि प्रत्येक खुंटी आपापल्या जागी बसताना टिचकी मारल्यासारखी वाजते. ऊन कडक असलेल्या दिवसानंतर हे जास्त, ढगाळ दिवसानंतर फारच कमी. मग पायांना गारवा लागेल. थंड हवा जड असते, ती उतारावरून ओढ्याच्या खोलगट भागात उतरते आणि पुलाच्या फटींतून वर येते. ‘अचानक गार झालं’ या अनुभवाचं बहुतेक वेळा हेच मूळ. हवा दमट असेल तर याच सुमारास ओढ्यावर धुकं धरतं आणि तुकड्यातुकड्यांनी पुलाच्या तोंडाशी येतं. दूरच्या गाडीचा दिवा त्यावर पडला की माणसाएवढा पांढरा आकार हललेला दिसतो.

मध्येच कोणी पुलाच्या टोकाशी पाऊल टाकलं तर ती थरथर जाळीतून तुमच्यापर्यंत येईल. मघाशी हाताला लागलेली तीच. ज्याला ते माहीत नाही त्याला वाटतं, कोणीतरी शेजारी येऊन उभं राहिलं.

एवढं सगळं कळूनही एखादा आवाज असा येतो की त्याचा उलगडा होत नाही. तो तसाच राहू द्या. लगेच टॉर्च लावू नका. अंगावर आलेला काटा हा या भेटीचा भागच आहे, त्यासाठीच तर एवढं लांब आलात.

फोटो आणि रेकॉर्डिंग

पुलाच्या आत काढलेल्या फोटोंत दिसणारे पांढरे गोल, ज्यांना लोक आत्मे समजतात, ते फ्लॅशमुळे येतात. भिंगापासून वीतभर अंतरावरचा धुळीचा कण, डास, धुक्याचा थेंब किंवा थंडीत तुमचाच श्वास फ्लॅशच्या उजेडात चमकतो आणि फोकसबाहेर असल्यामुळे मोठा गोल दिसतो. फोनमध्ये फ्लॅश भिंगाला अगदी चिकटून असतो, म्हणून फोनवर ते जास्त येतात. पडताळा सोपा आहे: त्याच जागेवरून, त्याच क्षणी एक फोटो फ्लॅशसह आणि एक फ्लॅशविना काढा.

पारदर्शक माणूस दिसला तर शटर किती वेळ उघडं होतं ते बघा. रात्रीच्या मोडमध्ये फोन तीन ते दहा सेकंद प्रकाश घेत राहतो. तेवढ्यात कोणी चालत गेलं तर तो फोटोत अर्धवट उमटतो आणि मागची जाळी त्याच्यातून दिसते. नीट फोटो हवा असेल तर छोटा ट्रायपॉड, तीन सेकंदांचा टायमर, फ्लॅश बंद, आणि काढेपर्यंत सगळ्यांनी स्तब्ध. सर्वांत सुंदर फोटो मात्र पूर्ण अंधारात मिळत नाही. तो सूर्यास्तानंतर वीस मिनिटांनी, आकाश निळं असताना, पुलाच्या तोंडाशी उभं राहून मिळतो.

आवाज टिपायचे असतील तर दोन फोन घ्या, दोन टोकांना ठेवा, विमान मोडवर. सुरुवातीला मोठ्याने वेळ बोला. नंतर कोणाचाही बूट घासला, पोट वाजलं, जाकिटाची चेन सरकली, की लगेच बोलून सांगायचं: ‘हा माझा आवाज.’ हे केलं नाही की घरी ऐकताना स्वतःचीच कुजबुज ओळखू येत नाही, कारण फोन शांततेत आपोआप आवाज वाढवून घेतो. एकाच फोनवर आलेला आवाज त्या फोनच्या शेजारचा. दोन्हींवर आलेला आवाज रस्त्यावरचा किंवा ओढ्याचा असण्याची शक्यता जास्त. चुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र आणणाऱ्यांनी आधी सगळ्यांचे फोन दोन मीटर लांब ठेवावेत, नाहीतर ते यंत्र फोनचंच भूत दाखवतं.

काय करायचं नाही

लाकडावर नावं कोरणं, खडूने लिहिणं, खुंटीचा तुकडा ‘आठवण’ म्हणून काढणं, जाळीवर चढणं. जाळीवर चढून फोटो काढणारे दर आठवड्याला दिसतात. ती फळी तुमचं वजन पेलेल, पण जुना सांधा तिरपा ओढला गेला की त्याची पकड सुटत जाते. रणांगणाच्या उद्यानात जमीन खोदणं किंवा मेटल डिटेक्टर वापरणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. ओढ्याकाठीही गोळ्या-बटणं शोधत बसू नका. मोठ्याने किंचाळून दुसऱ्यांना घाबरवू नका. शेजारी कदाचित अशी व्यक्ती उभी असेल जिचा खापरपणजोबा त्या पावसात इथून गेला.

ओढ्याच्या काठी उतरायचं असेल तर तीन पानांच्या झुपक्यांपासून लांब राहा. मधल्या पानाचा देठ लांब, झाडावर चढलेल्या वेलीला केसाळ मुळं: ही पॉयझन आयव्ही. हात लागला तर लगेच साबण आणि गार पाण्याने धुवा. बुटांना आणि कपड्यांना लागलेलं तेलसुद्धा अंगावर पुरळ उठवतं.

परतल्यावर

मुक्कामी पोहोचलात की झोपण्याआधी आंघोळ करा आणि प्रत्येकाचं अंग तपासा: गुडघ्यांच्या मागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली, कानामागे, मुलांच्या केसांत. गोचीड चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीला अगदी लागून पकडा आणि सरळ वर ओढा. तेल, काडेपेटी, नेलपॉलिश यांतलं काही नको. ती एका दिवसाच्या आत निघाली तर लाइमचा धोका कमी असतो. पुढच्या महिनाभरात पसरत जाणारा लाल चट्टा किंवा ताप आला तर डॉक्टरांकडे जा आणि गोचीड कधी, कुठे लागली ते सांगा. आई-बाबा तोवर भारतात परतले असतील तर तिथल्या डॉक्टरांना ‘अमेरिकेत गोचीड चावली होती’ हे आवर्जून सांगायला लावा. लाइम तिकडे क्वचितच दिसतो, आपणहून कोणाच्या मनात येणार नाही.

रेकॉर्डिंग त्याच रात्री ऐकू नका. दुसऱ्या दिवशी, उजेडात, चहा घेऊन ऐका, आणि पुलावर लिहून ठेवलेली वही शेजारी असू द्या.